पापा ग्लास्गोचा दगड

मित्रांनो, मी एक जुनी नोंदवही आहे. माणूस वारला की त्याच्या घरादाराची, चीजवस्तूंची यादी करतात आणि त्याचे मृत्युपत्र उतरवून घेतात, तसली सरकारी वही. गोष्ट सांगायचा मला सराव नाही. माझ्या पानांवरची बहुतेक वाक्ये 'एक' किंवा 'दोन' या शब्दांनीच सुरू होतात. एक पलंग, दोन खुर्च्या, एक तडकलेला आरसा. तेव्हा माझे बोलणे कुठे यादीसारखे वाटले तर सांभाळून घ्या.

माझा कागद चिंध्यांपासून केलेला आहे. इंग्लंडमधल्या एका गिरणीत लोकांचे विटके सदरे, फाटक्या चादरी आणून कुटल्या, त्यांचा लगदा केला, तो जाळीवर पसरला आणि त्यातून मी झाले. मग कुणीतरी मला वासराच्या कातड्याचे पुठ्ठे चढवले. पेटीत बंद होऊन, महिना-दीड महिना समुद्र खाऊन मी ग्रेनाडा बेटावर उतरले. तिथल्या कचेरीतला कारकून अशक्त होता. त्याला सारखा ताप यायचा, पण अक्षर असे की बघत राहावे. तो सुट्या कागदांवरच्या याद्या माझ्यात उतरवून काढी. एकदा न्यायाधीशांनी माझ्या पाठीवर थाप मारून म्हटले, "वही असावी तर अशी!" मी फुलून गेले. पुढे कितीतरी वर्षे ती थाप मी जपून ठेवली होती.

आज त्या अभिमानाची मला लाज वाटते. कारण सांगायलाच हवे. त्या काळी इथे कापसाचे, उसाचे मळे होते आणि मळ्यांवर आफ्रिकेतून पकडून आणलेली माणसे राबत. मालक मेला की त्याच्या भांड्यांबरोबर, बैलांबरोबर त्या माणसांचीही यादी होई. नाव, ठाऊक असले तर कूळ, आणि पुढे किंमत. आडनाव कुणालाच नाही. मला वाटे, मी तर खरे तेच लिहिते आहे. लिहिलेले खरे होतेही. पण ते न्यायाचे नव्हते, आणि हे कळायला मला फार उशीर लागला.

पुढे ती माणसे मुक्त झाली. नव्या वह्या आल्या. मी जिन्याखाली गेले. तिथे कसर लागली आणि माझा एक कोपरा गेला. मग अकरा वर्षे एका खिडकीचे दार वाऱ्याने आपटू नये म्हणून मला तिथे अडकवून ठेवले होते. त्या खिडकीतून समुद्र दिसायचा, म्हणून मी तेव्हाही फारशी कुरकुर केली नाही. नंतर एका वर्षी असे वादळ आले की कचेरीचे छप्परच उडाले. मी भिजून लोळागोळा झाले. आता आपले संपले, असे मला वाटले.

तेव्हा डोरेट नावाची मुलगी कचेरीत नुकतीच नोकरीला लागली होती. तिने आम्हा सगळ्या ओल्या वह्यांना हातगाडीवर घातले आणि थेट जायफळांच्या वखारीत नेले. तिथे जायफळे वाळवायच्या लांबच लांब फळ्या होत्या. त्यांवर तिने आम्हाला उघडे करून ठेवले आणि तीन आठवडे रोज, जायफळे परततात तशी, एकेक पान परतून वाळवले. वखारीतले लोक तिला हसत. "डोरेट, पुस्तकं भाजून झाली की आम्हाला पण एक वाढ गं!" तेव्हापासून माझ्या अंगाला जायफळाचा वास आहे. मेलेल्यांची वही असूनही माझ्याकडे आलेल्या माणसाला भूक लागते.

डोरेट आता केस पिकलेली बाई आहे आणि कचेरीतल्या जुन्या वह्यांच्या वाचनखोलीची प्रमुख आहे. हात धुतल्याशिवाय ती कुणाला माझ्याजवळ फिरकू देत नाही.

मित्रांनो, खरी गोष्ट आता सुरू होते. शेजारच्या कारियाकू बेटावरून बोटीने एक बाई यायला लागल्या. मिस युट्रिस लेंडोर. चाळीस वर्षे शाळेत शिकवलेले, त्यामुळे सख्खा भाऊही त्यांना 'टीचर' म्हणतो. त्या आपल्या घराण्याचा मूळ पुरुष शोधत होत्या. घरात त्याला 'पापा ग्लास्गो' म्हणतात. मालकांना वाटेल ते नाव ठेवायची खोड होती. एखाद्या गावाचे नावसुद्धा ते माणसाला चिकटवून देत. पापा ग्लास्गोच्या थडग्यावर नुसते शंख मांडलेले होते, दगड नव्हता. आणि झाले असे की त्यांच्या त्र्याण्णव वर्षांच्या आत्याच्या, टँटी इस्मेच्या स्वप्नात तो आला आणि म्हणाला, "इतकी वर्षं उन्हात निजलोय. डोक्याशी एक दगड नाही?"

कारियाकूला असे स्वप्न पडले की घरच्यांना गप्प बसता येत नाही. दगड बसवायचा, सगळ्या भाऊबंदांना जेवण घालायचे, ढोल वाजवायचे. शनिवार ठरला. टँटी इस्मेने सर्वांना बजावले, "माझे दोन दात उरलेत. ते आहेत तोवर मला ते जेवण जेवायचंय."

दगडावर नाव आणि कूळ कोरायचे होते. मिस युट्रिसनी माझ्यात तीन आठवडे शोध घेतला आणि अखेर माणसांच्या यादीत त्यांना तो सापडला. 'ग्लास्गो, इबो, शेतावर.' म्हणजे इबो कुळाचा. त्या दिवशी त्यांना आनंद व्हायला हवा होता. पण त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि मला मिटले.

याचे कारण असे. त्यांच्या बेटावर ढोल वाजतात तेव्हा प्रत्येक कुळाचा ताल वेगळा असतो. आपल्या कुळाचा ताल लागला की त्या घरची माणसे रिंगणात उतरतात, बाकीचे कडेला उभे राहतात. लेंडोर मंडळी बापजाद्यांपासून चांबा कुळाच्या तालावर उतरत आली. इबोच्या तालावर त्यांच्यातले कधी कुणी पाऊलही टाकले नव्हते. माझे म्हणणे खरे धरले, तर ते सगळे आजोबा-पणजोबा दुसऱ्याच्या रिंगणात नाचले होते. आणि शनिवारी तेच दगडावर कोरले जाणार होते, कायमचे.

गुरुवारी सकाळी मिस युट्रिस आल्या त्या भावाला घेऊन. कॉस्मॉस लेंडोर, पासष्ट वर्षांचा, होड्या बांधणारा, आवाज असा की समुद्रावरून हाक मारावी.

"हात धुऊन या, कॅप्टन," डोरेट म्हणाली. "वहीला डांबर चालत नाही."

"हे डांबर जात नसतं, बाई. बायकोने पंचवीस वर्षं घासून पाहिलं." पण तो निमूटपणे धुऊन आला. मग माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "टीचर, हे पुस्तक खोटं बोलतंय."

"हळू बोल. पुस्तक दोनशे वर्षांचं आहे. तू पासष्टचा."

"माझे पाय दोनशे वर्षांचे आहेत. चांबाचा ढोल लागला की ते मला विचारत नाहीत."

"मी चाळीस वर्षं पोरांना शिकवलं, कॉस्मॉस. ऐकीव सोडा, लिहिलेलं वाचा. आता आपल्याच घरची वेळ आली म्हणून उलटं बोलू?"

"मग कोर इबो! आणि परवा तूच नाच. मी कडेला खुर्ची टाकून बसतो, टँटीच्या शेजारी."

मिस युट्रिसनी घड्याळाकडे पाहिले. पाथरवटाला बारा वाजेपर्यंत मजकूर कळवायचा होता, नाहीतर शनिवारपर्यंत दगड तयार होणार नव्हता. त्यांनी कागदावर 'इबो' लिहिले, खोडले, पुन्हा लिहिले. मला तर मेल्याहून मेल्यासारखे झाले. ताप आलेल्या कारकुनाने त्या दिवशी चुकीचे उतरवले असेल का? की मीच कसर लागलेल्या कोपऱ्यात काही हरवून बसले होते? मला आठवेना. इतकी पाने पोटात बाळगून मला एक गोष्ट धड सांगता येत नव्हती.

कॉस्मॉस कंटाळला. त्याने माझी पुढची पाने चाळायला सुरुवात केली.

"कोपऱ्याला धरून, कॅप्टन. बोटाला थुंकी नको."

"अगं, या मालकाकडे गलबत होतं की! 'एक गलबत, लांबी बेचाळीस फूट.' बरंय. 'दोन नांगर, एक मोडका.' मोडका नांगर कोण ठेवतं? चिक्कू मेला!"

"कॉस्मॉस, मला विचार करू दे."

"कर ना, कोण नको म्हणतंय? 'एक मोठं शीड, ठिगळाचं. एक लहान शीड. एक वाकस, एक करवत...'"

आणि तो थांबला. हा माणूस आल्यापासून क्षणभरही गप्प बसला नव्हता, म्हणून डोरेटनेही मान वर केली.

"टीचर, तुझा चष्मा दे."

"तुझा कुठंय?"

"माझा समुद्रात आहे. दे लवकर!"

चष्मा नाकावर चढवून, बोट हवेतच ठेवून त्याने एकेक शब्द वाचला. "'ग्लास्गो. चांबा. सुतार. गलबतावर.'"

मग डोरेटने कपाळावर हात मारला.

"अहो, मी इतकी वर्षं इथे बसते आणि माझ्या डोक्यात आलं नाही! यादी करणारे मळ्यावर पायी हिंडायचे. आधी घर, मग कोठार, मग शेत, मग धक्का. समोर दिसेल ते तिथल्या तिथे लिहायचे. टीचर, तुम्ही माणसांच्या यादीत बघत होतात. ती यादी फक्त शेतावरच्या माणसांची. गलबतावरची माणसं त्यांनी गलबताच्या सामानात लिहिलीत."

खरे होते ते, मित्रांनो. लोक आपले माणूस माणसांच्या यादीत शोधतात. सामानाचे पान कोण वाचील? ते वाचले एका होड्या बांधणाऱ्याने, तेही शिडाचे माप बघायचे म्हणून.

मिस युट्रिसनी ती ओळ स्वतः वाचली. "नांगर आणि करवतीच्या रांगेत," त्या म्हणाल्या. "वस्तूसारखा लिहिला रे त्याला."

मला कुठे तोंड लपवू असे झाले. पण कॉस्मॉस बहिणीच्या खांद्यावर आपला राकट हात ठेवून म्हणाला, "लिहिणाऱ्याचं त्याच्यापाशी. टीचर, सुतार आहे तो! बाबा होड्या बांधायचे, आजोबा बांधायचे, मी बांधतो. वाकस-करवतीशेजारी नाही सापडणार तर कुठे सापडणार आपला माणूस?"

मग मिस युट्रिस रडल्या आणि रडता रडता हसायला लागल्या. कॉस्मॉसला आता धीर निघेना. त्याने टेबलाच्या कडेवर दोन्ही तळवे आपटून चांबाचा ताल धरला. आधी हलके, मग चांगलाच जोरात. मी त्याच टेबलावर उघडी पडले होते. तो ताल लाकडातून माझ्या पुठ्ठ्यात आला, पुठ्ठ्यातून पानापानांत शिरला. ज्या माणसाचे नाव मी दोनशे वर्षे बाळगले, त्याचे पाय कोणत्या ठेक्यावर उठत असतील ते मला त्या दिवशी पहिल्यांदा कळले. भिंतीवर 'शांतता राखा' अशी पाटी आहे. डोरेटने तिच्याकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि टेबलाखाली तिचाही पाय हलू लागला. मिस युट्रिस तर उठूनच उभ्या राहिल्या आणि घागऱ्याचे टोक धरून, खुर्च्यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत दोन पावले नाचल्या.

बाराला पाच कमी असताना पाथरवटाला फोन गेला. "पापा ग्लास्गो. चांबा. सुतार." पलीकडून काहीतरी विचारणा झाली असावी, कारण कॉस्मॉस ओरडला, "अक्षरं मोठी काढ! टँटीला खुर्चीतून वाचता आली पाहिजेत. आणि दगड वाकडा बसवलास तर तुझ्या होडीचं भोक मी बुजवणार नाही!"

मला कारियाकूला जाता येत नाही. पण पंधरा दिवसांनी मिस युट्रिस डोरेटसाठी मक्याच्या पिठाचे गोळे, तुरीचा रस्सा आणि भाताचे लाडू बांधून घेऊन आल्या. खोलीत खायला मनाई, म्हणून दोघी दारातच बसल्या आणि दार मात्र उघडे ठेवले. सगळे मला ऐकू आले. दगड सरळ बसला. टँटी इस्मे दोन वेळा जेवल्या. चांबाचा ढोल लागला तेव्हा लेंडोरांचे पन्नासेक लोक रिंगणात उतरले आणि कॉस्मॉसला शेवटी दोघांनी धरून बाहेर काढावे लागले.

"आणि तो दुसरा?" डोरेटने विचारले. "शेतावरचा ग्लास्गो?"

"त्याला कशी विसरेन? त्याचं कूळ तर मी आमच्या दगडावर कोरायला निघाले होते," मिस युट्रिस म्हणाल्या. "पूर्वजांसाठी पान वाढलं ना, त्याच्याशेजारी एक पान त्याचंही वाढलं. इबोचा ताल लागला तेव्हा मी कडेला उभी राहून बघत होते. म्हटलं, या रिंगणातलं कुणी त्याचं असेल का? असलं तर त्यांना अजून ठाऊक नाही."

मित्रांनो, हेच मला तुम्हाला सांगायचे होते. नीट सांगता आले की नाही, कोण जाणे. त्या शेतावरच्या ग्लास्गोचे कुणी अजून आलेले नाही. त्याचे नाव असलेल्या माझ्या पानाच्या कडा ठिसूळ झाल्या आहेत आणि माझ्या कातड्याला भेगा पडल्या आहेत. तुमच्या गावातल्या कपाटांतही माझ्यासारख्या वह्या असतील. त्यांना खिडकीत अडकवू नका, रद्दीत घालू नका, ओल लागू देऊ नका. त्या उघडाल तेव्हा हात धुवा, सगळी पाने वाचा, आणि येताना घरातल्या कुणा थोरल्याला बरोबर आणा, त्याला अक्षर येत नसले तरी.

मला आणखी थोडी वर्षे टिकायचे आहे. कुणीतरी बोटीतून उतरेल, दारात घुटमळेल आणि विचारील, "आमचा ग्लास्गो इथे आहे का हो?" तेव्हा मी असायला हवी.