लॉनमधला बांध

"बाबा, हात का थांबवलात? अजून अर्धं लॉन बाकी आहे," पायरीवरून सून भावना म्हणाली.

नाथाने ऐकलं नसावं. कमरेवर युरियाचं घमेलं, मूठ मिटलेली. सपाट हिरवळीवर त्याने काहीतरी उंच ओलांडावं तसा पाय उचलला, पलीकडे टाकला आणि पुन्हा खत फेकू लागला. भावनाला हसू आलं. लेकीची हळद तोंडावर आलेली, मांडव इथेच पडायचा, म्हणून लॉन हिरवंगार हवं होतं. माळी होता, पण सासऱ्यांनी हट्टच धरला. जन्मभर भाताला खत घातलेला माणूस. गवत ते काय!

टिटवाळ्याभोवती इमारती उठल्या, शेतं विकली गेली, कौलारू घरही पाडलं. उरलेल्या खाचरांवर मुलाने बंगला बांधला, पुढे लॉन केलं. नाथाला त्याचं वाईट वाटत नव्हतं. वाईट वाटायचं ते बायकोचं. तुळसाचं मन हल्ली भरकटलं होतं. रोज संध्याकाळी ती फाटकाशी जाऊन उभी राहायची.

"घरा जावाचा हाय मना."

"हाच आपला घर, तुलसा."

ती त्याच्याकडे परक्यासारखी बघायची. एवढा संसार करून बायकोला तिचं घर दाखवता येत नाही, या विचाराने तो खचून जायचा.

खतावर पाणी पडलं, चार-पाच दिवसांत गवत गर्द झालं. मधोमध मात्र एक फिकट पट्टी उमटली, आडवी, जरा वाकडी. नाथाने वाकून पाहिलं. जुना बांध! जित्याची खोड, पायाने तो ओलांडला होता आणि हाताने त्यावर खत टाकलंच नव्हतं.

"हळदीला हे असं दिसणार?" त्या संध्याकाळी भावना उरलेला युरिया घेऊन आली. "तेवढ्या पट्टीवर टाका ना, बाबा."

इतक्यात तुळसा बाहेर आली. फाटकाकडे न जाता पट्टीशी थांबली. लुगडं जरा वर खोचून, पावलापुढे पाऊल ठेवत, घसरू नये म्हणून जपून ती त्या सपाट गवतावरून चालत आली. एक हात डोक्यावर, तिथे नसलेल्या टोपलीला धरलेला. नाथापाशी येऊन तिने ती अलगद उतरवली.

"एवरा ऊन झाला. जेवा आता."

ऊन कधीच उतरलं होतं. भावनाने युरियाची पिशवी पाठीमागे घेतली.

नाथाने बागेच्या नळावर हात धुतले आणि तो तुळसाशेजारी, बांधावर, मांडी घालून बसला.

"कालवन बेस झालाय, तुलसा."

समोर फाटक उघडंच होतं. तिने तिकडे पाहिलं नाही.