हातचं राखून

जेद्दाच्या त्या इस्पितळात रोबोटनं शस्त्रक्रिया सुरू झाल्या, तेव्हापासून हेमलता सिस्टर तिथल्या ऑपरेशन थिएटरात होती. मूळची साताऱ्याची. अकरा वर्षं तिनं तिथं काढली होती. आता सौदायझेशन, म्हणजे परक्यांच्या जागी सौदी माणसं घ्यायचं धोरण, आलं आणि अहूद नावाच्या सौदी मुलीला सगळं काम शिकवायचा हुकूम झाला. ती तयार झाली की हिला घरी पाठवणार, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. आपल्याच पायावर धोंडा पाडून घ्यायचा, तोही हसतमुखानं!

मग हेमलतानं केलं ते चारचौघे करत होते तेच. शिकवलं, पण हातचं राखून.

प्रोस्टेटच्या कॅन्सरमध्ये ओटीपोटातल्या लिम्फ नोडच्या गाठीही काढतात. कॅन्सर पसरलाय का, ते त्यांच्यावरून कळतं. त्या दिसतात मात्र चरबीच्या तुकड्यासारख्या. म्हणून हेमलता त्या नेहमी स्टीलच्या वाटीत घ्यायची. गॉजवर, म्हणजे रक्त टिपायच्या जाळीदार कापडावर, ठेवल्या आणि गॉज चुरगळला, की गेल्याच. अहूदला तिनं बाकी सगळं सांगितलं, एवढंच सांगितलं नाही.

त्या दिवशी टेबलावर रहमतुल्लाकाका होते, श्रीवर्धनचे, यान्बूच्या रिफायनरीत फोरमन. भूल द्यायच्या आधी त्यांनी हेमलताचा हात धरला. "बाय, तू हाईस ना? मंग मना काय भ्या नाय."

अहूद टेबलाशी होती आणि हेमलता थिएटरातच, टेबलापासून लांब राहून सामान देत होती. उजवीकडच्या गाठी तपासणीला पाठवायच्या बाटलीत नीट गेल्या. डावीकडच्या अहूदनं ओल्या गॉजवर ठेवल्या. तेवढ्यात सर्जननं क्लिप मागितली, आणि गडबडीत तिनं तोच गॉज गोळा करून बादलीत टाकला.

हेमलतानं ते पाहिलं. एक शब्द पुरला असता, पण ती गप्प बसली. वापरलेले गॉज मोजायचं काम तिचंच होतं. प्रत्येक गॉज उलगडून मोजायचा, हा नियम. तो गॉज हातात आला तेव्हा आतलं मऊ काहीतरी बोटांना लागलं. तिनं तो न उलगडताच मोजला आणि "बरोबर" म्हणून सांगितलं.

डॉक्टर विचारतील, अहूदची सगळ्यांसमोर खरडपट्टी निघेल, मग आपण गाठी काढून देऊ. काकांचं वाईट कुठं करतोय आपण? असं ती मनाला बजावत राहिली. पण डॉक्टर काही विचारेनात. रोबोट बाजूला झाला, टाके घालून झाले, कचरा नेणारा आला, त्यानं बादलीतल्या पिशवीला गाठ मारली, तरी हिचं तोंड उघडेना.

"डावी बाटली रिकामी आहे!" अहूदच ओरडली.

तेव्हा कुठं हेमलता हलली. पिशवीची गाठ सोडून तो गॉज तिनं पहिल्याच फटक्यात काढला. "अनुभव म्हणतात तो हा," सर्जन म्हणाले. हेमलताला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आठवड्यानं रिपोर्ट आला. डावीकडच्या एका गाठीत कॅन्सर होता. पुढचे उपचार वेळेत सुरू झाले, आणि काका भेटेल त्याला हेमलताचं कौतुक सांगू लागले. ते दिसले की ती दुसऱ्या जिन्यानं जायची.

मग चौकशीचा फॉर्म आला. अहूद तो भरून तिच्याकडे सहीसाठी घेऊन आली. 'हा भाग शिकवला होता का?' या प्रश्नापुढे तिनं 'हो' लिहिलं होतं. चूक सगळी माझी, असं खाली सहीनिशी.

"मी तर शिकवलं नव्हतं," हेमलता कशीबशी म्हणाली.

"माहीत आहे. तुमची वाटी मी रोज बघायची, कशासाठी ते कळायचं नाही. वाटायचं, मी अजून तेवढी तयार झाले नसेन, म्हणून सांगत नसाल." अहूदनं आवाज खाली आणला. "'नाही' लिहिलं असतं तर त्यांनी तुम्हाला या महिन्यातच पाठवलं असतं. माझ्या उस्ताजा आहात तुम्ही, शिकवणाऱ्या."

आपण तो गॉज जाणूनबुजून उलगडला नाही, हे अहूदला ठाऊक नव्हतं. ते सांगायला हेमलतानं तोंड उघडलं आणि मिटलं. नोकरी हवी होती. तिनं सही केली.

"शुक्रन, उस्ताजा," अहूदनं आभार मानले. हेमलताला मान वर करवली नाही.