मामंजींचा नियम सगळ्यात वर

जुन्या कॉम्प्युटरने एकदाची मान टाकली. चिझुरूने नव्यावर मेलचं खातं आणलं, पण वर्षानुवर्षं बसवलेले तिचे फिल्टरचे नियम काही आले नाहीत. कुठलं पत्र कुठल्या फोल्डरात टाकायचं, हे त्या नव्या ठोकळ्याला पहिल्यापासून शिकवणं आलं. आवाजी बेटावरच्या त्यांच्या कौलांच्या कारखान्याचा सगळा कारभार या पत्रांवरच चालायचा.

सासरे गेन्झो खुर्चीमागे येऊन उभे राहिले. "पहिला नियम कोणाचा?"

"तुमचाच, मामंजी. तुमच्याआधी कोणाला बसवलं, तर रात्रीचं सूप गोड लागेल का तुम्हाला?"

"नाही लागायचं," म्हातारा प्रांजळपणे म्हणाला.

जुन्यावर नियम गरजेप्रमाणे साठले होते. या खेपेला तिने मानाप्रमाणे ओळ लावली. आधी सासरे, मग नवरा, मग भट्टीचे मुकादम, गिऱ्हाइकं शेवटी. ज्या पत्रावर गेन्झोंचं नाव, ते गेन्झोंच्या फोल्डरात.

तेव्हापासून इनबॉक्स ठणठणीत कोरडा, गिऱ्हाइकांचं फोल्डरही रिकामं. क्योतोच्या देवळाचं छप्पर कोणाला द्यायचं, याचं उत्तर आज सकाळी यायचं होतं. ते काम हातचं गेलं, तर मोठी भट्टी बंद करावी लागणार होती. ऊन डोक्यावर येत चाललं, तरी पत्राचा पत्ता नाही.

"गेलं म्हणायचं," म्हातारा खालच्या आवाजात म्हणाला.

आणि चिझुरूच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. नियम वरून खाली चालतात. पहिल्याने पत्र उचललं, की खालचे नुसते बघत बसतात. अन् वडीलधाऱ्याचं नाव वर घातल्याशिवाय इथला कोणता शहाणा माणूस पत्र धाडतो? मामंजींच्या फोल्डरात, जे त्यांनी जन्मात उघडलं नव्हतं, सगळी पत्रं दाटीवाटीने बसली होती. देवळाचंही होतं.

"मामंजी, काम आपल्यालाच दिलंय. जबाबदार माणसाचं नाव दुपारच्या आत कळवा म्हणतात." सवयीने ती सासऱ्यांचं नाव लिहू लागली.

"थांब गं. मान देऊन देऊन मला माळ्यावर ठेवलंस. माती कोण पारखतं? देवळाशी बोलणी कोणी केली? तुझं नाव घाल."

"लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, म्हाताऱ्याची सून भारी आहे. म्हणू देत की. मी तर कधीचा म्हणतोय, फक्त तुझ्यासमोर नाही."

चिझुरूने मामंजींचा नियम तळाशी सरकवला. मग उत्तरात स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं. त्या ओळीत दुसरं कोणाचंच नाव नव्हतं.