खिडक्या असलेली रायफल

मित्रांनो, माझ्या आरपार उजेड जातो. इतर रायफलींचं अंग बंद असतं, माझ्या अंगाला मात्र खिडक्या आहेत. मी आता जुनी झाले आहे. रशियातल्या इझेव्स्क शहरातल्या एका तंत्रशाळेत, तळ्याकडे तोंड असलेल्या वर्गात, भिंतीवरच्या दोन खुंट्यांवर मी विसावलेली असते. हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यावरून परतलेला उजेड वर्गात येतो, माझ्या डाव्या कुशीतून शिरतो, उजव्या कुशीतून बाहेर पडतो आणि भिंतीवर एक लहानसा पांढरा ठिपका काढतो. दिवसभर तो ठिपका सरकत राहतो आणि मी त्याच्याकडे पाहत पडून असते.

आमचं घराणं मोठं आहे. एके हे घराण्याचं नाव आणि मी एके-१२ च्या अगदी पहिल्या नमुन्यांपैकी एक. माझी एक बहीण जाड गोळीची, तिला पंधरा म्हणतात. एक आखूड नळीची, ठेंगणी. एक परदेशी गोळी खाणारी, ती एकोणीस. माझ्या खटक्याला एका दमात दोन गोळ्या सोडण्याची खाच आहे. पुढच्या बहिणींमधून ती काढून टाकली. दस्ताही बदलला. नमुन्यांचं असंच असतं. आमच्यावर शिकून माणसं पुढे जातात आणि आम्ही मागे राहतो.

माझ्या बहिणी लाकडी पेट्यांत बसून दूर गेल्या. त्या कुठे आहेत, काय करतात, मला कोणी सांगत नाही. मी विचारतही नाही. मी स्वतः कागदी निशाणांशिवाय कशावरही सुटले नाही, पण यात माझा मोठेपणा काही नाही. मला तिथे कोणी नेलंच नाही.

चाचणीच्या मैदानावर मला पहिल्यांदा खांद्याला लावलं ते वालेरियान येगोरिच यांनी. उद्मुर्त जमातीच्या खेड्यातून लहानपणी शहरात आलेले, बुटके, रुंद तळव्यांचे. त्या मैदानावरच्या आवाजाने त्यांचा उजवा कान कधीच बहिरा केला होता. त्यांच्याशी बोलायचं तर डाव्या बाजूला बसावं लागे. घरी त्यांची मुलगी तायासुद्धा डावीकडेच बसायची. मोठी होऊन ती दुसऱ्या गावी शिक्षिका झाली, तरी सुटीत आली की जेवायला आपोआप डावीकडची खुर्ची ओढायची.

चाचण्या संपल्या, माझं काम संपलं, आणि येगोरिचही मैदान सोडून या शाळेत शिकवायला आले. मला त्यांनी मागून घेतलं. एके दिवशी त्यांनी मला शिकंज्यात धरलं आणि हळूच म्हणाले, “थोडं दुखेल हं, बाई.” मग त्यांनी माझ्या दोन्ही कुशींचं पोलाद कापलं. बोल्ट कसा मागे जातो, स्प्रिंग कशी दबते, हातोडी कशी उठते, हे पोरांना दिसावं म्हणून. कापलेल्या कडा त्यांनी कानशीने गुळगुळीत केल्या, त्यांना लाल रंग दिला, आणि गोळी सुटणार नाही अशी माझी नळी कायमची बंद केली.

जे तुकडे कापून निघाले ते त्यांनी टाकले नाहीत. त्यांच्या आईच्या घरी पावाचा कापलेला तुकडासुद्धा मान राखायचा म्हणून पालथा ठेवत नसत. तुकडे फडक्यात गुंडाळून त्यांनी घरी नेले आणि चहाच्या रिकाम्या डब्यात ठेवले. मित्रांनो, तुम्हाला खरं वाटणार नाही, पण जिथे आपला तुकडा असतो तिथे आपलं थोडं मनही असतं. म्हणून वर्गात टांगलेली असतानाही त्यांच्या स्वयंपाकघरातलं मला अर्धवट झोपेतल्यासारखं ऐकू येई. भट्टीतून निघालेल्या पेरेपेचींचा, म्हणजे सारण भरलेल्या छोट्या रोट्यांचा, करकरीत आवाज, किटलीची शिट्टी, आणि सुटीत आलेल्या तायाचं डाव्या बाजूने चाललेलं वाचन.

ती वर्षं चांगली होती. येगोरिच मला टेबलावर ठेवत आणि म्हणत, “बघा रे, हिचं पोट उघडं आहे तरी ही लाजत नाही. आणि तुम्ही साधा प्रश्न विचारायला लाजता.” पोरं हसत. मग ते बोल्ट सावकाश मागे ओढत आणि सगळे वाकून माझ्या खिडकीतून पाहत. शेवटी ते दर वेळी एकच गोष्ट सांगत. आत काय होतं ते कळलं की बाहेर काय होतं त्याची भीती वाटली पाहिजे. ज्याला वाटणार नाही त्याने सुतारकाम शिकावं.

मग ते आजारी पडले, आणि एका वसंतात, तळ्यावरचा बर्फ फुटत असताना, गेले.

वर्गात मोठा पडदा आला. त्यावर माझ्या नव्या बहिणी रंगीत होऊन गोल फिरतात, हात न लावता उघडतात आणि मिटतात. माझ्या अंगातलं तेल वाळलं. कोठीची व्यवस्था पाहणाऱ्या रिम्मा बाई दोनदा म्हणाल्या की हिला आता खाली न्यायला हवं. खाली म्हणजे तळघरात, आणि तिथून वितळवायच्या भट्टीकडे.

पण माझं दुसरं मन चहाच्या डब्यात होतं. तो डबा आता तायाच्या घरी होता आणि तिथे वेगळीच काळजी चालली होती.

उद्मुर्तांमध्ये वडील गेले की लेकरांनी त्यांना घोड्याचं डोकं आणि पाय द्यायचे असतात. हाडं टोपलीत ठेवायची, फिती बांधायच्या, घुंगरांच्या बर्फगाडीतून रानात न्यायची आणि उंच सूचिपर्णी झाडाला टांगायची. रडायचं नाही, लग्नाची गाणी म्हणायची. मग तिकडे त्यांना घोडा मिळतो. येगोरिचांची थोरली बहीण, ओक्सिन्या आत्या, खेड्यात राहायची. तिने हाडं केव्हाच जमवून ठेवली होती. ताया मात्र दर हिवाळ्याला काही तरी सांगे. रस्ता वाईट आहे, परीक्षा आहेत. खरं कारण ती कोणाला सांगत नसे. घोडा दिला की माणूस जातो. घोडा दिलाच नाही तर कुठे जाईल?

एकदा आत्याचा फोन आला.

“माझ्या स्वप्नात पायी येतो गं तो,” आत्या म्हणाली. “बुटांना चिखल. अंगणात उभा राहतो. बस म्हटलं तर म्हणतो, बसलो तर उशीर होईल, लांब जायचंय.”

“पुढच्या हिवाळ्यात देऊ, आत्या.”

“मागच्या हिवाळ्यातही पुढचाच हिवाळा होता. तुझी पुस्तकं वाचून झाली की सांग. तोवर चालू दे त्याला.”

आत्याचा आवाज जरा उतरला. टोपलीत त्याच्या हातचं काही तरी ठेव, ती म्हणाली, तिकडे एवढ्या घोड्यांत आपला कोणता ते त्याला कळायचं कसं?

त्याच्या हातचं म्हणावं असं तायाकडे एकच होतं. डबा उघडून ती किती तरी वेळ बसली. माझ्या तुकड्यांवर तिच्या बोटांची ऊब आली. ते द्यावेत असं तिला वाटत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती गाडी पकडून माझ्या तंत्रशाळेत आली. रिम्मा बाईंनी वर्ग उघडून दिला आणि त्या दाराशी थांबल्या. ताया माझ्यासमोर उभी राहिली. मग तिने डबा उघडला, एकेक तुकडा घेतला आणि माझ्या खिडक्यांत बसवून बोटांनी धरला. करवतीने खाल्लेली केसाएवढी फट तेवढी कडेने उरली. मित्रांनो, कापल्यापासून पहिल्यांदाच मी पूर्ण झाले होते. आत काळोख झाला. मला वाटलं होतं मला बरं वाटेल. पण मला काहीच दिसेना. बोल्ट, स्प्रिंग, हातोडी, येगोरिचांनी आयुष्यभर उघडून दाखवलेलं सगळं आत बुडून गेलं. भिंतीवरचा पांढरा ठिपकाही विझला.

तायाने भिंतीकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. आणि हळूहळू बोटं सैल केली. तुकडे तिच्या तळव्यात आले आणि ठिपका पुन्हा भिंतीवर उमटला.

“अताय,” ती म्हणाली. अताय म्हणजे बाबा.

तुकडे डब्यात ठेवून तिने पर्समधून रुमाल काढला आणि माझ्या नळीवरची धूळ पुसली. तेल आहे का विचारलं. रिम्मा बाईंनी बाटली आणून दिली, बघत राहिल्या, आणि नाक ओढून म्हणाल्या, “इतका वेळ माझ्याकडे कोणी पाहिलं असतं ना, तर मी लग्न केलं असतं.” ताया हसली. मला तळघरात न्यायची गोष्ट त्यानंतर कोणी काढली नाही.

त्या हिवाळ्यात बर्फगाडी निघाली. मी इथे खुंट्यांवर होते आणि तिथेही होते. टोपलीत घोड्याच्या थंड हाडांशेजारी, लाल फितीखाली, घुंगरांच्या तालावर डुलत. बायका लग्नाची गाणी म्हणत होत्या आणि ओक्सिन्या आत्या सगळ्यांत मोठ्याने, बेसूर म्हणत होती. कोणी तरी झाडावर चढलं, टोपली फांदीला बांधली. खाली सगळे फेर धरून नाचले. तायाने फेर सोडला आणि झाडाखाली, टोपलीच्या डाव्या बाजूला जाऊन ती उभी राहिली.

“घोडा आणलाय,” ती त्या बाजूने म्हणाली. “तुमचाच आहे. ओळखाल.”

वसंतात, तळं फुटायला लागलं तेव्हा ताया मला तेल घालायला आली होती. तेव्हाच आत्याचा फोन आला. काल स्वप्नात आला होता, आत्या म्हणाली. पायी नव्हता.

“अंगणात थांबला?”

“नाही गं. तोंडभर हसला आणि गेला. या वेळी तर मुळीच थांबला नाही.”

तायाने फोन ठेवला. मग तिने माझा बोल्ट मागे ओढला, एक थेंब आत सोडला, आणि बोल्ट हलकेच पुढे जाऊ दिला. तिच्या वडिलांसारखाच, सावकाश.

मित्रांनो, माझे तुकडे आता त्या झाडावर आहेत. त्यांच्यावर दंव पडतं, कावळे बसतात, गंजाचा रंग फितीच्या रंगाला मिळत चालला आहे. त्यांना मी परत मागत नाही. तुमचं कोणी गेलं तर त्यांच्या हातचं जे मागे राहील ते जपा, पण मिटून ठेवू नका. त्याला तेल द्या, उजेडात ठेवा, दुसऱ्यांना वाकून पाहू द्या. आणि जे त्यांच्यासोबत जायला हवं ते जाऊ द्या. फार उशीर करू नका. वाट लांबची असते, आणि आपलं माणूस पायी चालत असतं.