बोसिबोरीच्या भिंतीवरचे दगड

न्यामवेयाने बायकोला वेण्यांना धरून भिंतीवर आपटलं ते गुरुवारी, भर दुपारी. एकदा नाही, तीनदा. मग मक्याच्या पिठाची घट्ट उगाली ढवळायचा दांडा उचलला आणि तो मोडेपर्यंत तिच्या हातावर घातला. हातही मोडला. बोसिबोरी कशीबशी उठली आणि अनवाणीच टेकडी उतरून बापाच्या घरी पळाली. न्यामवेयाची आई केमुंतो तिथंच दारात बसली होती. तिने मान वर केली नाही. मूग गिळून बसायची सवयच झाली होती मेलीला.

रविवारी त्याच खोलीत मंडळी तंटा मिटवायला जमली. बोसिबोरीचा बाप, शेजारी हात गळ्यात बांधलेली बोसिबोरी, आणि मधोमध ओन्सोंगो म्हातारा. ताबाका गावात त्याचा शब्द कुणी खाली पडू देत नसे. सुनेला आज इथं परत ठेवायचं की बापाकडे राहू द्यायचं, एवढंच ठरायचं होतं.

"ठेवलंत तर मारून टाकेल तो मला," बोसिबोरी म्हणाली.

गोड बोलण्यात मात्र न्यामवेयाचा हात कुणी धरला नसता. "उतारावर पडली हो ती, काका. जरा भिंतीकडे बघा की. दुःखी बाई असं घर सजवते होय?"

सगळ्यांनी पाहिलं. भिंतभर दगड टांगले होते. खाणीतला मऊ दगड शाळेच्या पाटीएवढा कापून, पाण्यात घासून गुळगुळीत केलेला. त्यावर लाल-काळा रंग आणि तो खिळ्याने खरवडून काढलेले पांढरे बगळे, मासे, केळीचे घड. बोसिबोरी दुकानांसाठी दगड रंगवायची, पण त्यातले उत्तम तेवढे घरात ठेवायची. येणारा-जाणारा तोंडभर कौतुक करायचा.

"घर तर सुखाचं दिसतंय," ओन्सोंगो म्हणाला आणि केमुंतोकडे वळला. "वहिनी, तुम्ही इथंच असता. याने कधी हात उचलला?"

केमुंतोने लेकाकडे पाहिलं. पोटचा पोर. त्याच्याच चुलीवर तिचं पोट. बोलली तर या वयात तिला कोण विचारणार होतं? तिने सुनेकडे पाहिलं. सून तिच्याकडे बघतसुद्धा नव्हती. सासूकडून तिला कसली आशाच नव्हती, आणि तेच म्हातारीच्या जिव्हारी लागलं.

ती उठली. बगळ्यांचा दगड तिने खिळ्यावरून काढला. मागे मातीच्या भिंतीला मोठा खळगा होता.

"आई, खाली बस," न्यामवेया म्हणाला.

"हा याने पातेलं फेकलं त्याचा. चहा उकळत होता त्यात." तिने मासे काढले. मागे कोयत्याची तिरकी चीर. "इथं ती वाकली म्हणून मान वाचली." केळीच्या घडामागे तपकिरी डाग होता. "त्या दिवशी तिच्या पोटातलं मूल गेलं. दोघींनी मिळून तीनदा सारवलं, पण डाग वर येतोच. मग तिने हा दगड रंगवला."

"थेरडे, जीभ उपटीन." न्यामवेयाने झेप घेतली आणि आईचा दंड पिरगळला. दगड खाली पडून फुटला. बोसिबोरीच्या बापाने त्याची मान आवळली, ओन्सोंगोची काठी त्याच्या मनगटावर बसली, तेव्हा कुठं त्याने दंड सोडला.

"पोर बापाकडे राहील," ओन्सोंगो धापा टाकत म्हणाला. "विषय संपला."

केमुंतो खाली बसली. तिला सांगायचं होतं ते सांगून झालं होतं.

बोसिबोरी मात्र निघाली नाही. ती दाराजवळ गेली. तिथं खाली एक लहानसा दगड टांगला होता, त्यावर नुसती पांढरी फुलं. चांगल्या हाताने तिने तो काढला. मागे डाग होता, आणि डागाला चिकटलेला पांढऱ्या केसांचा पुंजका.

"हे आईंचं डोकं," ती म्हणाली. "यांनाही मी घेऊन जाते."