उशीर करणारी रांग

“मॅडम, ही रांग आता काढावी लागणार,” विभागप्रमुख म्हणाले आणि जरा घुटमळले. “तुम्हाला नको वाटत असेल, तर मी काढतो.”

“नको. मीच काढते.”

पडद्यावर चिपचा नकाशा होता. त्याच्या एका कडेला छोट्या चौकटींची रांग होती. तिच्या नवऱ्यानं त्यातली एकेक चौकट हातानं बसवली होती. प्रकाश पाठवून अंतर मोजणाऱ्या यंत्रात एक संकेत सेकंदाच्या अब्जाव्या हिश्शाइतका अडवून धरायचा, एवढंच त्या रांगेचं काम. नव्या चिपमध्ये ती सोय आयतीच होती.

दोघांची ओळखच या रांगेपायी झाली. तेव्हा ती नोकरीत नवखी होती. चौकटीतून जाताना संकेताला किंचित उशीर होतो, म्हणून तो चौकटींमागे चौकटी लावायचा. आणि सॉफ्टवेअर त्या बिनकामाच्या समजून दरवेळी उडवून टाकायचं.

“याला वाटतं, थांबणं म्हणजे रिकामटेकडेपणा,” तो वैतागून म्हणाला होता. “अगदी माझ्या आईसारखं!”

ती खो खो हसली. मग सॉफ्टवेअरला ‘याला हात लावू नकोस’ असं बजावायची युक्ती दोघांनी मिळून शोधली. रांग टिकली, पण चिप तापली की उशीर वाढायचा. किती वाढतो ते बघायला तिनं घरून हेअर ड्रायर आणला. ती चिपवर गरम वारा सोडायची आणि तो पडद्यावरची उशीर दाखवणारी रेघ सरकताना बघून ओरडायचा, “पळाली, पळाली!”

एकदा ते ऐकून शिपाईकाका धावत आले. “साहेब, कोण पळाली?”

लग्नात सगळ्यांनी हाच प्रश्न विचारून त्या दोघांना भंडावून सोडलं.

तो गेल्यावरही यंत्रं त्याच रांगेवर चालत राहिली होती.

तिनं रांग निवडली आणि पुसली. नवी जोडणी केली. चिप तापवून पाहिली. रेघ जागची हलली नाही.

तिनं लेकीला फोन लावला. “आज बाबांचं काम काढलं गं.”

लेकीनं विचारलं, “आणि नवीन?”

“झकास चालतंय. इतकी सरळ रेघ त्यांना कधी जमली नव्हती.”

“बाबा रागावले असते?”

“छे! खुर्ची ओढून बसले असते. कसं केलंस ते दाखव म्हणून मागे लागले असते.” तिनं फोन ठेवला.

तेवढ्यात प्रमुख आले. “अरे वा! मग या मोकळ्या जागेत दुसरं काही बसवू या?”

ती नकाशाच्या त्या कडेकडे बघत होती.

“उद्या बसवू,” ती म्हणाली. “आज राहू दे रिकामी.”