मी ‘पाडा’ म्हणालो तेव्हा

मित्रांनो, कुपवाडच्या एका शेडमध्ये पत्रा ठोकून ठोकून ज्याला तोंड दिलं, तो जुना भोंगा मी. शिराळ्यात मी खोकलो, तर सांगलीच्या बाजारात हळदीची पोती शिंकायची. खोटं वाटलं तर पोत्यांना विचारा. आता मात्र थकलोय. अण्णांच्या पडवीत पडून असतो.

निवडणूक आली की मी जीपच्या टपावर चढायचो. मागच्या खेपेला परदेशातून माहितीपट काढणारे आले होते. आमचे अण्णा, निवृत्त सुभेदार, माझ्यातून गरजले, "यंदा जयराजला पाडा! असा पाडा, की उठता कामा नये!" जयराज म्हणजे विरोधी उमेदवार आणि अण्णांचा सख्खा भाचा. तो तिथंच चहा पीत उभा. म्हणाला, "आवं मामा, दमानं! घसा बसंल."

माहितीपटात ना जयराज आला, ना त्याचा चहा. पडदाभर माझा आ वासलेला जबडा, आणि खाली त्यांच्या भाषेत ओळ: ‘त्याला लोळवा, पुन्हा उठू देऊ नका.’ आपल्याकडं माणूस मतांनी पाडतात, हे त्यांना कोण सांगणार? आवाज तर माझाच होता. नाही कसं म्हणू?

जर्मनीत शिकणाऱ्या नातीचा, ज्ञानदाचा, रडत फोन आला. "अण्णा, घरमालकीणबाईंनी ते बघितलं. आवाज तुमचा, हे मीच कौतुकानं सांगून बसले. तुझे आजोबा माणसं मारतात का, विचारतायत. खोली सोड म्हणतायत."

अण्णांनी जयराजला धरून आणलं आणि व्हिडिओ कॉलसमोर उभं केलं. "ह्यो बघा पाडलेला!"

जयराजनं हातपाय हलवून दाखवले. "पडलो व्हय, पण मतांनी! मोडलं काय न्हाई. आत्ताच मामीच्या हातचं जेवलोय."

ज्ञानदानं सगळं उलगडून सांगितलं. बाई हसल्या. खोली राहिली. मग त्यांनीच विचारलं, "आमच्या देशातलं तुम्ही काय पाहिलंय?"

अण्णा अडखळले. "पडद्यावर व्हय? लय करून लढाईच्या पिक्चरमधले रणगाडेच की वो."

मग म्हातारा फोनजवळ सरकला. "पोरी, बाईंना विचार, सकाळी न्याहारीला काय करता?"

मित्रांनो, एका बाईंची समजूत घालायला मामा-भाचे दोघं लागले. बाकीच्या किती घरांत मी अजून आ वासून ओरडतोय, कुणास ठाऊक. माझा गंज पुसायला येऊ नका. परक्या मुलखाचं चित्र बघाल, तेव्हा तिथल्या एखाद्याला न्याहारीला काय करता, तेवढं विचारा.